हजार बिड्या आणि एक पीएच.डी.

फायनल इयर जवळ आलं की आपल्या होस्टेलमध्ये दोनच प्रश्न ऐकू येतात. कंपनी कोणती? आणि पॅकेज किती? मीही हेच विचारत होते. पण मागच्या सेमिस्टरला मेसमधल्या मावशींशी बोलताना एक तिसरा प्रश्न सापडला, आणि त्या प्रश्नावर आयुष्यभर संशोधन करता येतं हेही नंतर कळलं. त्या विषयाची ही थोडक्यात ओळख. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा मराठीतल्या चुका पोटात घाला!)

मावशी इथे येण्याआधी घरी बिड्या वळायच्या. मी सहज विचारलं, "दिवसाला किती तास काम व्हायचं?" त्या हसल्या. म्हणाल्या, "तास कोन मोजते वो माय? आमी हजार मोजतो."

म्हणजे मजुरी हजार बिड्यांच्या हिशोबाने. तेंदूपान भिजवणं, साचा ठेवून कातरीनं कापणं, तंबाखू भरून वळणं, दोरा बांधणं, कट्टे करणं आणि ते ठेकेदाराकडे पोचवणं, हे सगळं त्या हजारातच आलं. त्यातून ज्या बिड्या नापास होतात त्यांना 'छाट' म्हणतात. आपण इंजिनीअर आहोत, तेव्हा समीकरणच मांडू या :

मजुरी = (वळलेल्या बिड्या − छाट) × दर
ताशी मजुरी = मजुरी ÷ एकूण तास

हजारात ५० बिड्या छाट निघाल्या आणि त्यांचे पैसे मिळाले नाहीत, तर मजुरी ५ टक्क्यांनी घटते. तास मात्र तेवढेच! आणि दुसऱ्या समीकरणातला छेद तर कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो. शाळेतून आलेली मुलगी पानं कापायला बसली, तर तिचा तास कोणाच्या नावावर मांडायचा? तिसरा प्रश्न तो हाच : जे काम आपण करतो, ते माणसासाठी कसं आहे?

चांगलं काम कशाला म्हणायचं?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना १९१९ साली स्थापन झाली. तिचे महासंचालक हुआन सोमाविया यांनी १९९९ मध्ये 'डिसेंट वर्क', म्हणजे सन्मानाचं काम, ही कल्पना मांडली. तिचे चार खांब आहेत : रोजगार, कामाच्या ठिकाणचे हक्क, सामाजिक सुरक्षा, आणि कामगार, मालक व सरकार यांच्यातला संवाद. आपलं पॅकेज यातल्या पहिल्याच खांबाला टेकून उभं असतं!

आणि कर्मचाऱ्याचं स्वास्थ्य? लंडनच्या सरकारी नोकरांवर १९६७ पासून 'व्हाइटहॉल' नावाचा प्रसिद्ध अभ्यास झाला. मायकेल मार्मट यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. हे सगळे ऑफिसात बसणारे लोक. तरीही खालच्या पदांवरच्या लोकांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्यांपेक्षा बरंच जास्त निघालं. धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणं धरूनही फरक पूर्ण सुटेना. १९८५ पासून झालेल्या दुसऱ्या अभ्यासात 'आपल्या कामावर आपला ताबा किती' हा मुद्दा पुढे आला.

एका प्रोफेसरचा रिपोर्ट

अशा संशोधनाने होतं काय, असं कोणीही विचारेल. त्याचं उत्तर म्हणजे प्रा. बी. पी. आडारकर. ते अलाहाबाद विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९४३ मध्ये सरकारने त्यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितली. १५ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांनी रिपोर्ट दिला. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपला ईएसआय, आला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, आणि १९५४ मध्ये नागपुरात पोचली. कामगाराच्या हातातलं ईएसआयचं कार्ड एका प्राध्यापकाच्या अभ्यासातून आलंय, हे मला तरी माहीत नव्हतं.

ईएसआयची सुरुवात कारखान्यांपासून झाली. पण मावशींचा कारखाना म्हणजे घराची ओसरी! तिथे मालक कोण आणि कामगार कोण, हेच आधी सिद्ध करावं लागतं. १९६६ साली बिडी-सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा झाला, त्यात घरी काम करणारेही आले. भविष्य निर्वाह निधीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ मध्ये न्यायालयाने घरी बिड्या वळणाऱ्यांनाही कर्मचारी मानलं. कारण वाचून मी थक्क झाले. माल नापास करण्याचा अधिकार मालकाकडे आहे, म्हणजेच कामावर त्याचं नियंत्रण आहे! ज्या छाटीने मजुरी कापली जाते, तीच कामाला आली.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि १९६६ च्या कायद्याची जागा त्यातल्या एका संहितेने घेतली आहे. ओसरीवर त्याने काय बदललं, हे कोणीतरी जाऊन मोजायला हवं.

आपण काय करू शकतो?

बी.ई. नंतर दोन वाटा दिसतात. एक, इंडस्ट्रिअल इंजिनीअरिंग किंवा अर्गोनॉमिक्समध्ये मास्टर्स. दुसरी, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी कामगारविषयक अभ्यास. पुढे नेट, पीएच.डी., आणि मग अध्यापन किंवा नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेसारख्या ठिकाणी संशोधन. धूळ, आवाज, उष्णता मोजणं आणि स्टॅटिस्टिक्स आपल्याला येतंच. माणसांशी बोलणं मात्र शिकावं लागेल.

विषय शोधायला लांब जायची गरज नाही. राइस मिलमधली धूळ, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी, भंडाऱ्याची पितळी भांडी, आंधळगावचे विणकर... आपला जिल्हाच एक लॅब आहे.

तोटेही सांगायला हवेत. रूममेट पगारातून घरी पैसे पाठवत असेल, तेव्हा आपण फेलोशिपची वाट बघत असू. गाईड चांगला मिळेलच असं नाही. आणि घरी सांगणं सगळ्यात कठीण! बाबांना अजून सांगायचंय. बहुतेक हा लेख छापून आल्यावरच त्यांना कळेल.

पण परवा मावशींना मी ते दुसरं समीकरण वहीत काढून दाखवलं. त्यांनी छेदावर बोट ठेवलं आणि पहाटेपासून आठवून तास सांगायला लागल्या. पान भिजवायचा अर्धा तास मी विसरले होते. तो त्यांनीच मला लिहायला लावला.