सोमवारचं पोट दुखणं

विहारातल्या रविवारच्या तपासणीला एक ताई सहावीतल्या मुलीला घेऊन आल्या. दर सोमवारी सकाळी पोटात दुखतं, लघवीला जळजळ होते. जंताचं औषध दोनदा देऊन झालं होतं. "शाळा बुडवायला सोंग करते," ताई म्हणाल्या. आम्ही त्यांना बाहेर बसवलं आणि मुलीला विचारलं, शाळेत पाणी किती पितेस? "पीतच नाही." प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, आणि दाराशी वर्गातल्या तिघी अडवून उभ्या. "तुमचं सगळं फुकट असतं ना, मग हे पण बाहेरच कर."

मायबापहो, हे सोंग नव्हे. भीतीनं पोटात खरोखर कळ येते. पाणी न पिता लघवी दाबून ठेवली की जंतुसंसर्ग होऊ शकतो. सुट्टीत न दुखणारं पोट शाळेच्या दिवशी दुखत असेल, तर लेकराला शाळेबद्दल विचारा. ताप, उलटी असेल किंवा दुखण्यानं रात्री झोपमोड होत असेल, तर आधी डॉक्टर. या मुलीची लघवी तपासून डॉक्टरांनी औषध सुरू केलं.

बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत शिपायानं नळ उघडून दिला तरच पाणी मिळायचं. शिपाई नसला की दिवसभर तहान. आज नळ सगळ्यांना खुला आहे, तरी हिची तहान तिघींच्या हातात होती.

"तूही एक ठेवून दे," असं आपण पोरांना सांगतो. आम्हीही घरी सांगितलंय, आणि दुसऱ्या दिवशी पोरगा जास्त मार खाऊन आला. आता आम्ही बघणाऱ्या पोरांशी बोलतो. छळणाऱ्याला हसणारे लागतात. तेव्हा हसू नका. भांडूही नका. "चल, बाई बोलावतायत," म्हणून त्या लेकराला तिथून घेऊन या, मधल्या सुट्टीत सोबत जा, आणि त्याच दिवशी बाईंना सांगा. ही चहाडी नव्हे, कुणाला त्रासातून सोडवायला सांगणं वेगळं. बालवर्गात आम्ही याचं नाटुकलं करून घेतो. दादागिरी करणाऱ्याचं काम सगळ्यांनाच हवं असतं, हाही धडाच!

पोरांवरच सगळं टाकू नका. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, तारीख घाला, पोच घ्या. जातीवरून बोलले असतील तर तेच शब्द अर्जात लिहा, "अपशब्द वापरले" एवढ्यावर भागवू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई आहे. शिक्षकच बोलत असतील तर ते आवर्जून लिहा. मुलांसाठी १०९८ हा फोन मोफत आहे.

त्या मुलीच्या बाकावरची मैत्रीण आता मधल्या सुट्टीत तिच्यासोबत जाते. ताई संध्याकाळी दप्तरातली बाटली बघतात. मागच्या आठवड्यात तीन दिवस ती रिकामी आली.