चौबारा : शहराच्या मध्यभागी उभा असलेला पहारेकरी



सातवीच्या इतिहासात बहमनी राज्य येतं. मुलं महमूद गवानचं नाव पाठ करतात आणि पुढे जातात. पण आपल्या विसरवाडीसारख्या गावातल्या मुलांना त्या काळातलं शहर डोळ्यांपुढे आणायचं असेल, तर बिदरच्या चौबाऱ्यापासून सुरुवात करून बघा.

बिदर आज कर्नाटकात आहे, पण तिथे मराठी बोलणारी घरं बरीच. पंधराव्या शतकात अहमदशाह बहमनीने गुलबर्ग्याहून राजधानी इथे हलवली. जुन्या शहराच्या ऐन मध्यावर, चार रस्ते मिळतात तिथे, हा गोल मनोरा उभा आहे. उंची ७१ फूट, म्हणजे साधारण २२ मीटर. आत ८० पायऱ्यांचा वळणावळणाचा जिना. वर आता घड्याळ बसवलंय, पण मुळात तो टेहळणीचा मनोरा.

वर्गात आधी एकच प्रश्न टाका : टेहळणी करायची तर मनोरा तटावर हवा, शहराच्या मध्यभागी कशाला?

आपल्या मुलांना उत्तर सापडतं, कारण त्यांनी शेतातला माळा पाहिलाय. ज्वारी राखायला माळा बांधावर नाही, पिकाच्या मधोमध घालतात. गोफण चारही बाजूंना फिरवता यायला हवी ना! चौबाऱ्याचंही तसंच. तिथून चारही रस्ते दिसतात. बाहेरून येणारं सैन्य दिसतं, तशी शहरातल्या एखाद्या घराला लागलेली आगही दिसते.

आता थोडं गणित. सपाट जमिनीवर किती दूरचं दिसतं? उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाला ३.५७ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. जमिनीवर उभ्या मुलाचे डोळे दीड मीटरवर धरले तर सुमारे साडेचार किलोमीटर. चौबाऱ्यावरून जवळजवळ सतरा. बिदर पठाराच्या कडेवर वसलंय, म्हणून उताराच्या बाजूला त्याहूनही लांबचं दिसणार. मधे झाडं-टेकड्या आल्या तर कमी, हेही मुलांकडूनच येऊ द्या.

फळ्यावर पुढचा प्रश्न : सामानाची बैलगाडी ताशी तीन-चार किलोमीटर चालते. सतरा किलोमीटरला किती वेळ? चार-साडेपाच तास. म्हणजे तो मनोरा शहराला अर्धा दिवस मिळवून देत होता. तेवढ्यात काय काय करता येईल? गुरं आत घ्यायची, पाणी भरायचं, दरवाजे लावायचे, तटावर माणसं चढवायची. आमच्या वर्गात एका मुलीने विचारलं, “बाहेर शेतात गेलेल्यांना कोण सांगणार?” पुस्तकात असा प्रश्न नसतो. त्यावर आमचा अख्खा तास गेला.

एक सावधगिरी. प्रत्येक उंच मनोरा टेहळणीचाच असतो असं मुलं धरून चालतात. दौलताबादचा चांद मिनार चौबाऱ्याच्या जवळजवळ तिप्पट उंच आहे, पण तो विजयाची खूण म्हणून उभारला असं सांगतात. दोन्ही चित्रं शेजारी लावा.

आणि १६५७ सांगायला विसरू नका. औरंगजेबाचं सैन्य आलं तेव्हा बिदर आदिलशाहीकडे होतं. शत्रू दिसला नाही असं झालं नाही. किल्लेदार सिदी मरजान सत्तावीस दिवस लढला. शेवटी बुरुजावरच्या दारूच्या साठ्यात ठिणगी पडली, स्फोट झाला, तो जबर भाजला आणि किल्ला गेला.