ओव्हरड्राइव्ह लागत नाही? गिअरबॉक्स लगेच उतरवू नका

लेस्टरहून एक वाचक विचारतात : माझ्याकडे 1972 सालची एमजीबी आहे. स्विच दाबला तरी ओव्हरड्राइव्ह लागत नाही. गॅरेजवाले म्हणतात, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. उतरवू द्यावा का?

अजून नको. एमजीबीचा गिअरबॉक्स एकटा निघत नाही, इंजिनासकट बाहेर काढावा लागतो. इतकं मोठं काम हाती घेण्याआधी बाहेरून तपासण्यासारखं बरंच आहे, आणि दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो. तुमच्या गाडीत शेफिल्डच्या लेकॉक कंपनीचं एलएच युनिट आहे. ते तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्येच लागतं, कारण गिअरबॉक्सवरचा इनहिबिटर स्विच इतर गिअरमध्ये वीज पुढे जाऊच देत नाही.

इंजिन बंद ठेवा, इग्निशन चालू करा, चौथा गिअर टाका आणि ओव्हरड्राइव्हचा स्विच दाबा. खालून ‘टक्’ असा आवाज यायला हवा. (इग्निशन फार वेळ चालू ठेवू नका, कॉइल तापते.) आवाज आला नाही तर दोष विजेचा समजा. सोलेनॉइडच्या वायरला टेस्ट लॅम्प लावा. दिवा लागला, तर सोलेनॉइड किंवा त्याचं अर्थिंग गेलं आहे. नाही लागला, तर मागे मागे जात इनहिबिटर स्विचपर्यंत या. त्याच्याखाली फायबरचे वायसर असतात. ते कमी-जास्त झाले की स्विच पुरता दाबला जात नाही आणि अख्खं युनिट निकामी झाल्यासारखं वाटतं.

‘टक्’ ऐकू येत असेल, तर आधी ऑईल बघा. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हचं ऑईल एकच असतं. नवं ऑईल भरून गाडी फिरवली की त्यातलं थोडं ओव्हरड्राइव्हमध्ये ओढलं जातं आणि पातळी उतरते, म्हणून एक चक्कर मारून पुन्हा तपासायलाच हवं. त्यानंतर युनिटच्या तळाचं झाकण काढून आतली जाळी पेट्रोलने धुवा. मग सोलेनॉइडच्या ओ-रिंगा बदला. एवढं करूनही लागला नाही, तरच प्रेशर गेज लावून ऑईलचा दाब मोजा. दाब कमी भरला, तर मात्र तुमचे गॅरेजवाले बरोबर आहेत.

पुण्याहून : ट्रायम्फ टीआर4 ला नवा सोलेनॉइड बसवला, तोही जळाला. नव्या मालाची प्रतच वाईट असते का?

माल तपासण्याआधी बसवणी तपासा. टीआर4 मध्ये ए-टाइप युनिट येतं, आणि त्याच्या सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एक प्लंजर खेचून घेणारी : ती 15 ते 20 अँपिअर वीज खाते, पण क्षणभरच. दुसरी प्लंजर धरून ठेवणारी : तिला दोन अँपिअरच्या आतच पुरतं. प्लंजर शेवटपर्यंत गेला, की तो आतला संपर्क तोडतो आणि पहिली गुंडाळी बंद होते. लीव्हर चुकीच्या जागी आवळलेला असला, की प्लंजर थोडक्यात अडतो, संपर्क तुटत नाही आणि जड गुंडाळी तशीच पेटलेली राहते. तिसरा सोलेनॉइड बसवलात तर तोही जळेल.

उपाय स्वस्त आहे. व्हॉल्व्हच्या लीव्हरला एक भोक असतं. सोलेनॉइड ओढलेला असताना ते केसिंगवरच्या भोकासमोर यायला हवं, इतकं नेमकं की 3/16 इंची ड्रिल बिटचा दांडा दोन्हीतून आरपार जाईल. दांडा घालून ठेवा, क्लॅम्प बोल्ट सैल करा, प्लंजर हाताने पूर्ण आत ढकलून धरा आणि मगच बोल्ट आवळा. नंतर वायरीत अँपमीटर घाला. काटा क्षणभर उसळून दोनच्या खाली आला, तर काम झालं. वर राहिला, तर ताबडतोब स्विच बंद करून लीव्हर पुन्हा लावा. अँपमीटरशिवाय हे काम पुरं झालं असं कोणत्याही फिटरने म्हणू नये.

मेलबर्नहून : 1970 च्या ट्रायम्फ जीटी6 चा ओव्हरड्राइव्ह स्विच बंद केला तरी सुटत नाही. गाडी चालवली तर चालेल का?

पुढे सावकाश घरापर्यंत, हो. रिव्हर्स मात्र अजिबात टाकू नका. घरी गाडी मागे घ्यायची असेल तर न्यूट्रलमध्ये ढकलून घ्या.

ओव्हरड्राइव्ह लागलेला असतो तेव्हा मधलं सन गिअर केसिंगला जखडलेलं असतं आणि बाहेरचं रिंग गिअर मेनशाफ्टपेक्षा जोरात फिरतं. मधला एकदिशा क्लच म्हणूनच मोकळा फिरतो. रिव्हर्समध्ये दिशा उलटते, त्याचे रोलर घट्ट आवळतात आणि जखडलेल्या संचाला एकत्र फिरायला भाग पाडतात. ते शक्य नसतं, म्हणून काहीतरी फुटतं. आज तुमचं काम बहुधा साफसफाईचं आहे. एकदा रिव्हर्स टाकलात, तर युनिट बदलण्याचं होईल.

आधी सोलेनॉइड मोकळा परत येतो का ते पाहा. येत असेल, तर ऑपरेटिंग व्हॉल्व्ह काढा. जीटी6 मध्ये गाडीच्या आतून टनेलचं कव्हर काढलं की तिथवर हात जातो. प्लग उघडण्यापूर्वी, इंजिन बंद ठेवून, इग्निशन चालू आणि चौथ्या गिअरमध्ये, स्विच दहा-बारा वेळा चालू-बंद करा. आत साठलेला दाब उतरला नसेल, तर ऑईल डोळ्यांवर उडू शकतं. मग प्लग, स्प्रिंग, प्लंजर, बॉल आणि शेवटी खुद्द व्हॉल्व्ह. त्याच्या दांड्यात अगदी बारीक छिद्र असतं, दाब सुटायची वाट तीच. काळा चिकट गाळ अडकला की ओव्हरड्राइव्ह सुटायला तयार होत नाही. बारीक तारेने आणि हवेने साफ करा, पण बॉल बसतो त्या कडेवर ओरखडा येऊ देऊ नका.

छिद्र स्वच्छ निघालं, तर कोन क्लच ब्रेक रिंगला चिकटला असावा. जुने मेकॅनिक खालून ब्रेक रिंगवर कातडी हातोडीचे दोन-चार ठोके देतात. लोखंडी हातोडी वापरू नका, रिंग बिडाची असते.

कोल्हापूरहून : माझ्या मद्रासी बनावटीच्या स्टँडर्ड हेराल्डला स्पिटफायरचा ओव्हरड्राइव्ह बसेल का? आणि ऑईल कोणतं?

बसतो. दोन्ही गाड्यांची चासी एकाच घराण्यातली आहे आणि ब्रिटनमध्ये हेराल्डवाल्यांनी हे केलेलं आहे. ओव्हरड्राइव्हसकट पूर्ण गिअरबॉक्स घ्या. प्रोपेलर शाफ्ट आखूड करून बॅलन्स करून घ्यावा लागेल आणि मागचं माउंटिंगही बदलावं लागेल. तुमचं इंजिन 948 सीसीचंच असेल, तर मी हा खर्च करणार नाही. इंजिनाचे फेरे जवळजवळ पाचव्या भागाने उतरतील, आणि घाटात तुम्ही स्विच बंदच ठेवाल.

ऑईल त्या गिअरबॉक्सच्या मॅन्युअलमध्ये दिलेलंच घाला. एमजीबीच्या मॅन्युअलमधलं 20डब्ल्यू-50 इंजिन ऑईल ट्रायम्फला आपोआप लागू होत नाही. घर्षण कमी करणारं कसलंही अ‍ॅडिटिव्ह मात्र दोन्हींत नको. कोन क्लच ऑईलमध्ये भिजूनही पकड घेतो तो घर्षणावरच.