डाळिंबाला दर आला, तरी समाधान का टिकत नाही?

प्रश्न : यंदा डाळिंबाला बरा दर मिळाला, सोसायटीचं कर्ज फिटलं. आठ दिवस बरं वाटलं, मग पुन्हा जीव टांगणीला. सुख आपल्यातच आहे, असं कीर्तनात ऐकतो. मग ते जाणवत का नाही?
– एक वाचक, जत तालुका

उत्तर : या प्रश्नाचं एक उत्तर तुमच्याच तालुक्यातल्या उमदीतून निघालं आणि पार परदेशात पोचलं. निंबर्गी महाराजांचे शिष्य भाऊसाहेब महाराज उमदीकर (1843–1914) यांनी इंचगिरीला मठ उभारला. त्यांचे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज, आणि त्यांचे शिष्य मुंबईत विड्यांचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज. निसर्गदत्तांच्या मराठी संवादांचं इंग्रजी पुस्तक 1973 साली आलं आणि खेतवाडीतल्या त्यांच्या पोटमाळ्यावर गोरी मंडळी मांडी घालून बसू लागली.

ते उत्तर समजून घ्यायला, दर आला त्या घटकेला नेमकं काय झालं, ते आठवून पाहा. ‘भाव पडला तर?’ ही धास्ती गेली. हवं-नको करणारं मन जरा निवलं, आणि जे बरं वाटलं ते त्या निवण्याचं होतं. श्रेय मात्र पैशाला मिळालं. पुढे तेल्या रोगाची, नव्या बहाराची काळजी लागली. खात्यातली रक्कम तेवढीच, सुख मात्र गेलं.

वेदान्ती इथे गाढ झोपेचा दाखला देतात. तिथे बाग नाही, कर्ज नाही, ‘मी अमुक’ हेही नाही, तरी उठल्यावर आपण ‘छान झोप लागली’ म्हणतो. मला हा दाखला जरा वकिली वाटतो. झोपेतल्या सुखाची साक्ष शेवटी जागा झालेलाच देतो ना!

सुख आपल्यातच आहे हे जाणवावं कसं, यावर मात्र या परंपरेतही दोन वाटा आहेत. भाऊसाहेबांचा भर नामाच्या नेमावर, मुंगीसारखं रोज थोडं चढत राहण्यावर. अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या गुरुदेव रानड्यांनीही नामच धरलं. सिद्धरामेश्वरांनी पुढे विहंगम, म्हणजे पक्ष्याचा, मार्ग सांगितला : देह मी नाही, मन मी नाही, असं विचारानेच एकेक बाजूला सारायचं. ऐकायला हा जवळचा रस्ता. पण बँकेची नोटीस आली की ‘मन मी नाही’ हे आठवायलाही सराव लागतोच, म्हणून मला मुंगीची वाट जास्त भरवशाची वाटते.

यासाठी बाग मोडायची गरज नाही. गुरू गेल्यावर, 1937 साली, निसर्गदत्त घर सोडून निघाले होते. काही महिन्यांत परतले आणि दुकानात पुन्हा विड्या विकायला बसले.