एका पेशीचा श्वास

मुलांनो, तुमच्या वर्गाच्या गुणांची सरासरी ५० आली, असे समजा. एवढ्यावरून ९० गुण कोणाला आणि १० गुण कोणाला, हे कळेल का? नाही. त्यासाठी प्रत्येकाची उत्तरपत्रिका पाहावी लागेल.

शरीरातील पेशींचेही तसेच आहे. पूर्वी शास्त्रज्ञ लाखो पेशी एकत्र तपासत. हाती येई ती सरासरी. पण कर्करोगाच्या गाठीतील सर्व पेशी सारख्या नसतात. औषधाने बहुतेक पेशी मरतात. एखादी तग धरते. ती पुन्हा वाढली, की रोग परत येतो. अशी पेशी सरासरीत दिसत नाही. मग ती ओळखायची कशी?

डीअर्ड्रे मेल्ड्रम या अमेरिकन प्राध्यापिकेने हा प्रश्न हाती घेतला. त्या डॉक्टर नव्हत्या, इंजिनिअर होत्या. आधी त्यांनी अंतराळ संशोधनाच्या क्षेत्रात काम केले. १९९३ साली त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात त्या शिकवत. तेव्हा मानवी जनुकांचा नकाशा तयार होत होता. त्यासाठी असंख्य नमुन्यांत थेंब थेंब द्रव मिसळावे लागत. हाताने हे काम करताना फार वेळ जाई. मेल्ड्रम यांनी ते स्वयंचलित यंत्रांकडे सोपवले.

पुढे त्या एकेका पेशीकडे वळल्या. त्यांच्या गटाने काचेवर सूक्ष्म खळगे केले. एका खळग्यात एकच पेशी ठेवून वर झाकण बसवले. आत एक चमकणारे रंगद्रव्य होते. पेशी प्राणवायू वापरते, तसतसा तो कमी होतो आणि रंगद्रव्याची चमक वाढते. ती चमक मोजली, की पेशीने किती ‘श्वास’ घेतला ते कळते. शेजारच्या दोन पेशींचा श्वासही सारखा नसतो, असे दिसून आले.

हे काही रोगावरचे औषध नव्हे. पण शत्रू कोठे लपला आहे, हे आधी कळायला नको का? २००७ साली मेल्ड्रम ॲरिझोना राज्य विद्यापीठात गेल्या. तेथेही त्यांनी हेच काम पुढे नेले.

मुलांनो, तुम्हाला गणित आवडते की जीवशास्त्र? एक आवडते म्हणून दुसऱ्याकडे पाठ फिरवू नका.

शब्दार्थ : तग धरणे – टिकून राहणे, स्वयंचलित – आपोआप चालणारे, खळगा – लहान खड्डा.

स्वाध्याय :
१. सरासरीवरून काय कळत नाही?
२. रंगद्रव्याची चमक केव्हा वाढते?