या गणपतीत प्रकाशन नको

पाली, जि. रत्नागिरी
नागपंचमी

चि. छोटी हिस,


तुझं बाड वाचून संपवलं. कादंबरी जमली आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून मामाला काही आवडलंच नाही, असं तुला वाटायचं. घर विकायच्या कागदावर आजी अंगठा उठवत नाही, ते प्रकरण तर मी पुन्हा वाचलं. पण चाकरमानी गावात आहेत तोवर, याच गणपतीत प्रकाशन उरकून घ्यायचं, हे तुझं म्हणणं मला मान्य नाही.

नेमाड्यांनी ‘कोसला’ थोड्याच दिवसांत लिहिली, असं तू फोनवर ऐकवलंस. खरं आहे. आपल्या पालगडच्या साने गुरुजींनीही ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली, फेब्रुवारी १९३३ मध्ये. पुस्तक मात्र १९३५ साली आलं. आणि १९६३ साली ‘कोसला’ छापणारे रा. ज. देशमुख होते, छापखान्याच्या पॅकेजची जाहिरात नव्हे. मौज प्रकाशनात श्री. पु. भागवत, राम पटवर्धन लेखकाच्या हस्तलिखितावर किती बारकाईने काम करत, ते त्यांच्या लेखकांनीच सांगून ठेवलं आहे. तू स्वतःच प्रकाशक व्हायचं ठरवलंस, ठीक आहे. पण त्यामुळे ‘अजून झालेली नाही’ म्हणणारा माणूस तू परस्पर कमी केलास. ती जागा भरल्याशिवाय छापखान्याची पायरी चढू नकोस. तूर्त मी बसतो तिथे.

तुझ्या कादंबरीत वडील १९९२ च्या गणपतीला कोकण रेल्वेने रत्नागिरीला उतरतात. अगं, कोकण रेल्वेचा सगळा मार्ग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ ला! तेव्हा ते येणार एसटीने, रात्रभर अंग मोडून, आणि उतरणार इथे पालीत, हायवेवर, जिथून कोल्हापूरचा रस्ता फुटतो. ही चूक नुसती सालाची समजू नकोस. स्टेशनवर तू त्यांना रिक्षात बसवून दोन ओळींत घरी पोचवलंस. नाक्यावर उतरव. पहाटेचा अंधार, टपावरून उतरवलेली ट्रंक, पाऊस, आणि घर विकायचं आईला कसं सांगावं हे अजून न ठरलेला माणूस. प्रसंग आपोआप हाती येईल.

त्याच प्रकरणात अंगणातला हापूस मोहरलेला आहे. भाद्रपदात? मोहोर थंडीचा. गणपतीत शेतात भात पोटरीला आलेलं असतं, ते घाल. आजीच्या बोलीचंही तेच. पहिल्या भागात ती आपल्यासारखी ‘कुठं’ म्हणते आणि पुढे एकदम ‘खंय’ म्हणायला लागते. खंय मालवणी, खाली सिंधुदुर्गातलं. नाटकं बघून बघून ते तुझ्या कानात बसलंय. गावातली एखादी म्हातारी गाठ, तिच्यासमोर आजीची वाक्यं मोठ्याने वाच. ती हसली तर वाक्य चुकलं.

आता जे तुला लागेल ते. पहिलं प्रकरण काढून टाक. गावाचा इतिहास, देवस्थान, मानपान, सगळं अभ्यासपूर्ण आहे आणि कादंबरीला त्याचा काडीचा उपयोग नाही. आजी थेट दुसऱ्या प्रकरणात उंबऱ्यावर येते. पुस्तक तिथे सुरू होतं. ती तीस पानं गेली तर सोळा पानांच्या हिशोबाने जवळजवळ दोन फर्मे वाचतील. त्या पैशांत चांगला मुद्रितशोधक ठरव. मुखपृष्ठाच्या चित्रकाराला पैसे नंतर, याला आधी. काढलेलं प्रकरण जपून ठेव, कधी लेख होईल त्याचा.

मुद्रितशोधकाकडे जाण्याआधी तुझं तूच ठरव: निवेदनात ‘केले’ की ‘केलं’? दोन्ही आहेत, कधी एकाच परिच्छेदात. कुठलंही एक घे आणि शेवटपर्यंत पाळ. ऱ्हस्वदीर्घासाठी अरुण फडक्यांचा लेखन-कोश हाताशी असू दे. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही: तू युनिकोडमध्ये दिलेला मजकूर डीटीपीवाला त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये फिरवतो, तेव्हा ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, कुठे रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून पानं लागल्यावरचं प्रूफ कागदावर काढून वाचायचं, पडद्यावर नाही.

तुला पॅकेजवाल्याने आयएसबीएनचे वेगळे पैसे सांगितलेत. देऊ नकोस. राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी तो क्रमांक फुकट देते, लेखक-प्रकाशकालाही. अर्ज ऑनलाइन भरायचा. पुस्तक आल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या. एक प्रत रत्नागिरीच्या नगर वाचनालयात मी स्वतः नेऊन देईन. १८२८ पासूनचं वाचनालय आहे, तिथल्या कपाटात तुझं नाव दिसलं पाहिजे. हजार प्रती छापायचा मोह नको, दोनशे पुरे. आणि हो, प्रस्तावनेसाठी नावाजलेल्या लेखकाच्या मागे फिरू नकोस. न वाचता लिहिलेल्या प्रस्तावना मी खूप वाचल्यात.

स्वतःच छापायचा हट्ट नसेल तर साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. पैशांपेक्षा तिचा फायदा असा, की हस्तलिखित परक्या जाणकाराच्या हाती पडतं. विचार कर.

गणपतीला ये, पण पुस्तकं घेऊन नको. एका बाजूला छापलेल्या सुट्ट्या कागदांचं बाड आण, समास मोठा सोडून. पाच दिवसांत निम्मं तरी बघून होईल. मोदकांना सुट्टी नाही, तेवढं आईला सांग.

तुझा,
मामा