आधी मनोरा बघ, मग घड्याळ

अगं, काल रात्री साडेअकराला आलेला तुझा मेसेज वाचला आणि माझी झोपच उडाली. ‘ताई, शर्यतीतून नाव मागे घेऊ का?’ म्हणे! अजिबात घ्यायचं नाही. घर, नोकरी, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन हे सगळं सांभाळून तू चार महिने पहाटे उठून सिंहगड चढलीस. ते काय आता कच खायला? बस जरा, चहा ठेव, आणि मी सांगते ते ऐक.

पहिली गोष्ट चढाची. स्पेनमधल्या पायरेनीज डोंगरांत, बोईच्या खोऱ्यात बार्रुएरा गावातून शर्यत सुटते तेव्हा सगळे असे धावत सुटतात की जणू मागे आग लागली आहे. मीही सुटले होते. पहिल्याच चढाला छाती भात्यासारखी झाली आणि पुढचा तासभर मी स्वतःवरच चिडत होते. खरं सांगू का, डोंगरी शर्यतीत उभा चढ चालूनच चढायचा असतो. अगदी पुढचे खेळाडूसुद्धा मांड्यांवर हात टेकून चालतात. २०१६ मध्ये जागतिक स्कायरनिंग स्पर्धा याच खोऱ्यात झाली होती, तिथला चढ काही लेचापेचा नाही. साधा हिशोब लक्षात ठेव: १०० मीटर उंची चढणं म्हणजे सपाटीवर जवळजवळ एक किलोमीटर जादा. सिंहगडाची आतकरवाडीची वाट साधारण ६०० मीटर चढाची आहे, म्हणजे तुझ्या पायांना हे नवीन नाही. आणि पाय राखायचे ते उतारासाठी. मांड्या खऱ्या उतारावरच पिळवटून निघतात. तिथे मोठमोठ्या सुट्या दगडांची घसरण लागते, तिला तार्तेरा म्हणतात. पावलं छोटी, नजर दोन दगड पुढे.

आता मनोऱ्यांचं. बघ, हे खोरं म्हणजे नुसता डोंगर नाही. इथली अकराव्या-बाराव्या शतकांत बांधलेली चर्च २००० मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. ताउलच्या सांत क्लिमेंतचा सहा मजली दगडी मनोरा वाटेवर मान वर केलीस तर दिसेल. वर जाता जाता त्याच्या खिडक्या मोज, खालच्या एकेकट्या, वर गेल्यावर जोड्या होतात. त्या मोजण्यात माझा श्वास आपोआप लयीत आला होता. ते चर्च १० डिसेंबर ११२३ ला समर्पित झालं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच गावातलं सांता मारिया. एवढ्याशा गावात दोन दिवसांत दोन चर्च! पलीकडे एरिल ला व्हालचा मनोरा उभा आहे. मी वाट चुकल्यासारखं वाटलं की मनोरा शोधायचे आणि जीव भांड्यात पडायचा.

आणि एक हट्ट कर माझ्यासाठी. शर्यतीच्या आधी बार्सिलोनात मोंतजुइक टेकडीवरच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात जा. नंतर जाऊ नकोस, जिने उतरताना रडू येईल. सांत क्लिमेंतच्या भिंतीवरचा मोठ्या डोळ्यांचा ख्रिस्त तिथे आहे. १९१९ ते १९२३ या काळात ही भित्तिचित्रं परदेशी विकली जाऊ नयेत म्हणून भिंतीवरून काढून आणली. भिंतीला सरसाने कापड चिकटवायचं, ते वाळलं की हलकेच सोलायचं, रंगाचा थर कापडासोबत निघून येतो. आपण दुधावरची साय अलगद उचलतो ना, तितक्या नाजूक हाताचं काम. ते पाहून गेलीस की ताउलच्या रिकाम्या भिंतीपाशी पोचल्यावर तुला कळेल इथून काय गेलं आहे. मी हे उलट्या क्रमाने केलं, म्हणून सांगते.

जॅकेट. हे कान देऊन ऐक. जुलैत सकाळी असं लख्ख ऊन असतं की पिशवीतलं जॅकेट ओझं वाटतं. दुपारी मात्र पायरेनीजवर ढग चढतात आणि विजा सुरू. मी जॅकेट नेलं होतं, पण अगदी तळाशी कोंबलेलं. खिंडीवर गारा आल्या तेव्हा बोटं इतकी बधिर झाली की पिशवीची चेन ओढता येईना. एका अनोळखी बाईने ती उघडून मला बाहीत हात घालून दिला, लहान मुलाला घालतात तसा. तेव्हा जॅकेट सगळ्यात वर, शिट्टी पट्ट्याला, आणि विजा कडाडल्या की कडा सोडून खाली यायचं. वेळ गेला तरी चालेल.

मऊ घडीचा पेला ने. कित्येक डोंगरी शर्यतींत पाण्याच्या ठाण्यांवर फेकायचे पेले ठेवतच नाहीत. माझ्याकडे नव्हता, मग तिथल्या एका आजींनी माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. अर्धं कोपरावरून वाहून गेलं, तरी त्या पुन्हा पुन्हा ओतत राहिल्या आणि म्हणत होत्या, ‘आनिम्स, आनिम्स!’ म्हणजे धीर धर. तो शब्द तुला दिवसभर ऐकू येईल.

खायचं म्हणशील तर तुपातले लाडू नेऊ नकोस, दुधाचे पदार्थ युरोपात बाहेरून नेता येत नाहीत. गूळ-शेंगदाण्याची चिक्की ने. तिथे पावावर टोमॅटो चोळून, तेल-मीठ घालून देतात, तो पोटाला छान बसतो. सूप घेण्याआधी ‘सेन्से कार्न?’ विचार, म्हणजे मांसाशिवाय आहे का ते कळेल.

तुझी पाळी त्याच आठवड्यात येते आहे, हे तू लाजत लाजत लिहिलंस. अगं, त्यात लाजायचं काय? जास्तीचे पॅड, एक काळी पिशवी, आणि मांड्यांना व्हॅसलीन आधीच भरपूर. वापरलेलं सगळं पिशवीत घालून परत आणायचं. शेजारीच आय्गुएस्तोर्तेस राष्ट्रीय उद्यान आहे, १९५५ पासूनचं, तिथे कागदाचा कपटाही टाकायचा नाही. मेन्स्ट्रुअल कपची सवय असेल तर ठीक, पण नवं काही त्या दिवशी करून बघू नकोस.

आणि शेवटची येण्याची भीती. शेवटच्या धावणाऱ्यांच्या मागून जो स्वयंसेवक चालतो त्याला तिथे ‘एस्कोंब्रा’ म्हणतात, म्हणजे केरसुणी. मी दोन तास त्याच्यासोबत होते. त्याने एकदाही घाई केली नाही. त्यानेच मला सांगितलं की उन्हाळ्यात या गावांतली माणसं रात्री जळते पलिते खांद्यावर घेऊन डोंगरावरून गावात उतरतात. फालेस म्हणतात त्याला, २०१५ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद घेतली. लहान मुलंसुद्धा उतरतात, आणि खाली गाव वाट बघत थांबतं. तुझ्या तारखांच्या आसपास कुठल्या गावात आहे का ते विचारून ठेव, असलं तर एक रात्र जास्त राहा. तिकिटाचे पैसे मी भरते.

रविवारी बॅग भरायला घेशील तेव्हा व्हिडिओ कॉल कर. मला ते जॅकेट डोळ्यांनी बघायचं आहे, सगळ्यात वर.